मामाची फियाट, काकाची मारुती

नवरी रुसेल याचं टेन्शन मला नव्हतंच रे. नवरदेव मांडवापर्यंत पोचतो की नाही, याचं होतं.

आमच्या घणसोलीत मामाची जुनी फियाट आणि काकाची तितकीच जपलेली पहिल्या मॉडेलची मारुती. नवरदेव माझ्याच गाडीत, हा दोघांचाही हट्ट. शेवटी काकाने दंड धरून मला मारुतीत कोंबलं.

“तीन सिलिंडरचा खुळखुळा तो!” मामा ओरडला. “माजी चार सिलिंडरची हाय, मागची चाकं ढकलतात. तुजी पुढून वढते, चढावर रडंल!”

तळवलीच्या हॉलचा रॅम्प टँकरच्या पाण्याने ओला झालेला. फियाट वऱ्हाडासकट वर गेली आणि दारातच उभी राहिली. आमची पुढची चाकं मात्र जागेवरच फिरायला लागली. मुहूर्त टळत चाललेला. फेट्याखालून घामाच्या धारा.

“काका, मी चालत जातो ना.”

“गप बस! नवरदेव चालत जानार? वजन पुडच्या चाकांवर आनतो, बघ.”

काकाने गाडी खाली नेऊन वळवली आणि रिव्हर्समध्ये रॅम्पवर घातली. खरंच चढायला लागली! मला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात सासरे अनवाणी धावत आले. गाडीचं तोंड रस्त्याकडे वळलेलं तेवढं त्यांनी पाहिलेलं. हात जोडून रडवेल्या आवाजात म्हणाले, “जावईबापू, परत नका जाऊ! आमचं काय चुकलं ते सांगा!”

मी काच खाली करून बोलणार, तोच काका म्हणाला, “चुकलं नाय काय. पन आदी ती फियाट दारातून काढा.”