चिठ्ठीच्या मागचं नाव

अबे जीवन, थांब, गाडी मंग लावजो, आधी आयक काय झालं ते — बैस. चहा सांगितला मी. परवा आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती ना — विषय काय, तं 'दहशतवादाला इस्लामी म्हणावे की न म्हणावे'. टीव्हीवर पुढारी हप्ताभर याच्यावरच भांडून राहिले होते, तुलाराम सरांनी तोच उचलला. प्रिन्सिपलनं नोटीस पाहिली, घाबरला, 'इस्लामी'वर पांढरं फासलं. बोर्डावर काय उरलं? 'दहशतवादाला म्हणावे की न म्हणावे'. काय म्हणावे? कोण्या पोट्ट्यानं त्या पांढऱ्यावर पेनानं लिहिलं — 'काका'. दोन दिवस तसंच होतं, कोणी पुसलं नाई.

तं बाजू चिठ्ठीवर ठरते. काढायची, मागं आपलं नाव लिहायचं, जवळच ठेवायची — अदलाबदल होऊ नये म्हणून सरांचा नियम. सर तपासत कधीच नाई. मले निघाली 'म्हणावे'. अन् माझं पाठ होतं 'न म्हणावे' — संविधान, माणुसकी, टाळ्या कुठं येतील तेही लिहून. 'न म्हणावे' निघाली तबस्सुमले. अबे तबस्सुम — पोस्टाजवळचे घड्याळवाले चाचा नाई का, त्यांची पोरगी. मी म्हणलं, बदलून घे ना, तू कशावरही बोलतं. म्हणे, "मी? या बाजूनं?" माझ्या चिठ्ठीकडं पाहात राहिली. मंग म्हणे, "दे इकडं, नाई तं तू स्टेजवर रडशील."

मी बोललो मस्त. म्हणलं, चोराचं आडनाव कोणी सगळ्या गल्लीले लावते का? हा शब्द अतिरेक्यापर्यंत पोचतच नाई, आपल्या घड्याळवाल्या चाचापर्यंत पोचते. हाव, तिच्याच बापाचं उदाहरण — चाचा तिसऱ्या रांगेत बसले होते ना, दिसले, घेऊन टाकलं. टाळ्या. मंग ती उठली. म्हणे, "मारणारा माझ्या नमाजेतले शब्द तोंडात घेऊन मारतो. मी ते आयकलंच नाई म्हणलं, तं त्याले अडवणार कोण? नाव मी घेईन, घर माझं आहे. तुम्ही नाव घेता, ते मले घराबाहेर काढाले घेता." तिचा पहिला नंबर, माझा दुसरा.

अन् कोणीतरी तिचं भाषण मोबाइलवर टाकलं, तं 'नाव मी घेईन' इथंच कापलं. पुढचं गायब. संध्याकाळी एका पक्षाचे लोक शाल-नारळ घेऊन चाचाच्या दुकानात — पोरीचा सत्कार करतो म्हणे. दुसऱ्या पक्षाचे निषेधाचं पत्र घेऊन. दोघांची पायरीवरच गाठ पडली, शाल खाली पडली. मोहल्ल्यातले बुजुर्ग आले, दुरुस्तीले दिलेली घड्याळं तेवढी परत घेऊन गेले. बंद होती, तशीच.

आता आज चार वाजता तिनं प्रिन्सिपलसमोर माफी वाचायची. नाई तं चाचा तिचं नाव कॉलेजातून काढून तिले आंधळगावले खालाकडं, म्हणजे मावशीकडं, पाठवून राहिले. ती म्हणते, बाजू चिठ्ठीवर आली. लोक म्हणतात, दाखव चिठ्ठी! दाखवत नाई. कशी दाखवन बे? तिच्याजवळच्या चिठ्ठीमागं नाव माझं आहे.

सकाळी चाचा घरी आले. "बेटा, तू तो साथ था ना — चिठ्ठी सच में निकली थी?" मी म्हणलं, चाचा, मी पाठमोरा होतो. तेवढ्यात माय माझा दुसऱ्या नंबरचा कप दाखवाले घेऊन आली — बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला ना तिनं. चाचानं हातात घेतला, आपल्या रुमालानं पुसला, म्हणे, "अच्छा है."

हे पाय. खिशातच आहे. 'न म्हणावे'. मागं पाय — तबस्सुम. दाखवली तं कप जाते, ते काही नाई, पण मायले काय सांगू? अन् भाषणही खोटं ठरते — म्हणजे खोटं नाई, मी बोललो ते खरंच होतं ना? शब्द चाचापर्यंतच पोचला ना शेवटी? तसाच पोचला, जसा मी म्हणलो होतो.

पावणेचार झाले. चहा थंडा होऊन राहिला तुझा. असा काहून पाहून राहिला बे — बोल ना. तू असता तं काय केलं असतं?