शेणानं सारवलेली विलायती गाडी

माझा जनम आशागडच्या पलीकडच्या पाड्यावरचा. घर कुडाचं, कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आनि त्यावर शेणमाती लिंपायची, तसलं. भाताची थोडी जमीन, ती पावसाळ्यापुरती, बाकी सगळा पाडा घोलवडला वाडीत चिकू काढायला. मी पण जन्मभर तेच केलं. पण माझा बा चिकू काढत नव्हता बरं का, माझा बा वाडीच्या शेठची गाडी चालवायचा. आनि गाडी म्हणजे तुमची आताची डबडी नाय, काय सांगू तुमाला, विलायती गाडी, बॉनेट एवढं लांब की पुढे कोण उभा हाय ते मान उंच करून बघायचं, वरून चामड्याचा पट्टा आवळलेला, दिवे परातीएवढे, आनि आवाज असा की गाडी अजून स्टेशनाजवळ असली तरी वाडीतल्या बाया बोलायच्या, आला गं जानीचा बा. जानी म्हणजे मी.

शेठच्या बापानं ती कुणा साहेबाकडून घेतलेली. शेठ माझ्या बाला सांगायचा, बा आमाला सांगायचा, की विलायतेत एक मोठी लढाई संपली आनि दुसरी सुरू झाली, त्या दोन लढायांच्या मधल्या वर्सांतली ही गाडी. तिकडं या गाड्यांच्या शर्यती लावायचे, दिवसरात्र पळवायचे, मोठमोठे साहेब स्वतः चालवायचे, आनि जिंकायचे पण. मग ती कंपनी बुडाली आनि दुसऱ्या कंपनीनं घेतली, नाव तेच ठेवलं. आता गंमत बघा, जी गाडी शर्यतीत पळायची तिला आमच्या शेठनं मागची सीट काढून लाकडी हौदा बसवला आनि चिकूच्या करंड्या भरून स्टेशनावर पाठवायला लागला. बाला पहिल्यांदा लई वाईट वाटलं. मग बोलला, चल, काम करते ना, बसून तर नाय राहत.

मी गाडी शिकली ती त्या करंड्यांपायी. बाला खाली उतरून माल बघायला लागायचा, गाडी मागंपुढं घ्यायला कोणतरी पाहिजे, भाऊ मला नाय, मग बोलला, जाने, बस. बाया हसल्या, गडी हसले, शेठ पण हसला. हसा म्हटलं. तिचा एक्सलेटर मधे, ब्रेक उजव्या बाजूला, गियरची दांडी पण उजव्या हाताला दरवाज्याकडं, सगळं उलटं, पण मी दुसरी गाडी कधी चालवलीच नव्हती तर मला काय ठाऊक उलटं काय नि सुलटं काय. मला आजपण दुसऱ्या गाडीत बसवलं तर मी ब्रेक म्हणून भलतंच दाबीन. आमचा दिनेश, माझा पोरगा, डहाणूला रिक्षा चालवतो, पण या गाडीला हात लावत नाय, बोलतो, आई, ही तुझीच.

तर शेठ म्हातारा झाला, पोरं परदेशात, टेम्पो आले, गाडी चिकूच्या झाडाखाली पडून राहिली. शेठ बाला बोलला, तूच ने हिला, तुझ्याशिवाय कोण बघतो तिच्याकडं. कागदबिगद सगळे बाच्या नावावर करून दिले. आमी बैल लावून ओढत आणली पाड्यावर. आनि तेव्हा माझ्या आयनं ते काम केलं, ज्याच्यावरनं पुढं एवढं रामायण झालं.

त्या गाडीचं अंग पत्र्याचं नाय. बॉनेट पत्र्याचं, पण मागचं सगळं अंग लाकडी चौकट आनि वर चामड्यासारखं कापड ताणलेलं, तशीच बनवायचे म्हणे त्या वक्ताला, हलकी राहावी म्हणून. ते कापड उन्हापावसानं फाटून लोंबत होतं. आयनं आत हात घालून बघितलं, काठ्या लागल्या हाताला. बोलली, अगं बाय, हा तर कूड हाय! आनि कूड म्हटल्यावर आमच्या बाईमाणसाला दुसरं काय सुचणार. तिनं गोणपाट ताणून शिवलं चौकटीला, शेण, लाल माती, भाताचा तूस कालवला आनि घरासारखी गाडी लिंपून टाकली. वरून गेरू. बा दोन दिवस गाडीकडं फिरकला नाय. पण सुकल्यावर काय सुंदर दिसली हो, लाल लाल, जशी नवी नवरीच.

बानं इंजिन परत चालू केलं, आनि तेव्हापासून पाड्यातली नवरी जायची ती आमच्या गाडीतनं, कुणाची तलासरीला, कुणाची उधव्याला. बाया तांदळाच्या पिठात हात बुडवून गाडीवर पंजे उठवायच्या. रस्त्यानं लेप पडायचा थोडा थोडा, त्याला काय, घर नाय पडत का, परत लिंपायचं. पावसाळ्यात गाडी मांडवाखालनं काढायची नाय, दिवाळीच्या आधी नवा हात द्यायचा. आय गेली, मग मी देत आली. वरचा लेप सुटला ना, की खालचा दिसतो, त्यात आयच्या बोटांच्या रेघा, अशा अर्ध्या गोल गोल, तिचा हात तसा फिरायचा. माझ्याकडं आयचा फोटो नाय. काय बी नाय तिचं. हेच हाय.

मग नोटा बंद झाल्या ना, त्याच्या पुढल्या वर्साला दिनेशनं गाडीचा फोटो फोनवर टाकला कुठंतरी, आनि मुंबईवरनं एक साहेब आला. नाव त्याचं मला येत नाय, मी त्याला टोपीवाला बोलते. माणूस वाईट नव्हता हो. गाडीभोवती फिरला, खाली झोपून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खरंच. मला सांगत बसला की त्या वर्सांत आधी लहान इंजिनची गाडी निघाली, मग मोठी, मग आणखी मोठी, आनि एकीच्या तर पुढं हवा कोंबायचं यंत्र बसवलेलं. मी बोलली, म्हणजे चुलीची फुंकणी. तो हसला, बोलला, हा मावशी, फुंकणीच. आमचीला फुंकणी नाय, आमची पहिली, साधी. पण अशा थोड्याच उरल्यात बोलला. मग लेपावर नख मारून बघितलं त्यानं आनि तोंड केलं असं. बोलला, मावशी, हे काय केलंत, हे सगळं काढायला लागेल, मी खर्च करतो, विलायतेतून कापड मागवतो, होती तशी करून देतो. मी बोलली, होती तशीच हाय. विषय संपला.

माझ्यासाठी संपला. दिनेशसाठी नाय.

समुद्राच्या रस्त्याला जुन्या गाड्यांचा मेळा होता. दिनेश बोलला, आई, गाडी घेऊन चल, लोक बघतील, तुझं नाव होईल. मी म्हटलं चला, बाची गाडी परत मिरवू दे. गेरू दिला ताजा, सुनेनं पंजे उठवले. मी चालवत नेली, आशागडपासून, डहाणूच्या बाजारातनं, पोरं मागं धावतात, पोलीस सलाम ठोकतो. तिथं पोचली तर गाड्याच गाड्या, चकचकीत, तोंड बघून घ्यावं अशा. आनि एका बाजूला पाण्याचा पंप, नळी, दोन माणसं उभी, टोपीवाला उभा. दिनेश खाली बघतो. तेव्हा मला कळलं. यांचं आधीच ठरलेलं, इथं आणायची, पाणी मारून लेप उतरवायचा, मग रांगेत लावायची. मला विचारलंच नाय.

दिनेश बोलला, आई, उतर, पाच मिनटाचं काम हाय. लोक हसतात आपल्याला, शेणाची गाडी बोलतात. मी बोलली, तू जन्मलास ते घर कशाचं होतं रे? टोपीवाला बोलला, मावशी, शेण लाकडाला खातं, गाडीच्या भल्यासाठीच सांगतोय. खात असंल, मी नाय कशाला बोलू, त्याचं त्याला ठाऊक. पण मी सीटवरनं हलली नाय. पदर खोचला, स्टेरिंगच्या चाकाला दोन्ही हातांनी धरलं आनि बोलली, मारा पाणी. माझ्यासकट मारा. भिजलेली म्हातारी चालंल ना तुमच्या रांगेत? आनि भीती वाटत होती हो, खोटं कशाला बोलू, कारण नळीवाल्याला काय ठाऊक कोण बाई नि कोण तिची आय, त्यानं नुसती तोटी फिरवली असती तर माझी आय चिखल होऊन रस्त्यावर सांडली असती. मी तेच ओरडून सांगितलं सगळ्यांच्या देखत. बोलली, ही माझ्या आयची बोटं हायेत, धुवायची हिंमत हाय कुणाच्यात?

नळीवाल्यानं नळी खाली टाकली. तो पण इकडचाच, तलासरीकडचा.

रांगेत घेतली नाय मला, लेप हाय म्हणून. नका घेऊ. दिनेशला बोलली, हँडल मार. त्यानं पुढनं फिरवलं, गाडी चालू झाली, आनि त्या चकचकीत गाड्या एक एक निघाल्या तशी सगळ्यांच्या मागं मी निघाली. कोण अडवतो? रस्ता काय त्यांच्या बापाचा हाय?

त्यानंतर दिनेश आनि मी नीट बोललो नाय बरेच दिवस. जेवायला वाढायची, तो जेवायचा, बस.

आता गेल्या दिवाळीच्या आधी टोपीवाला परत आला. हट्टी तो पण. बोलला, मावशी, मी हरलो, लेपासकट द्या, जशी हाय तशी मोठ्या काचेच्या दालनात ठेवतो, आतल्या लेपाला शंभर वर्सं कोण हात लावणार नाय. मी बोलली, हात लावणार नाय तर पडंल की रे बाबा. याला वर्साला हात लागतो. तू देशील? शेणाचा ढीग तिथंच होता, सारवायलाच काढलेला. माझी बोटं आता वळत नाय, सुनेला ताप होता. मी बोलली, बस, लिंप एक बाजू, मग बोलू. हसला तो. हसला आनि बुटांकडं बघितलं. वाईट वाटून घेऊ नका मावशी, बोलला, आनि गेला.

मी तिथंच बसलेली. दिनेश सगळं ऐकत होता दारातनं. आमच्यात गडीमाणूस सारवत नाय, ते बाईचं काम, पाडा हसतो. हा आला, पँट वर दुमडली, शेणात हात घातला आनि कालवायला लागला. तूस कमी पडला त्याला, लेप जाड झाला, बोटं तर अशी फिरली जशी कोंबडी खरवडते. पाड्यातली पोरं हसायला लागली तर त्यानंच हाड केलं त्यांना.

आता पुढल्या महिन्यात नातीचं लगीन हाय, मीच नेणार तिला सासरी. तुमी पण या. माझ्यानंतर ही गाडी राहील नाय राहील, मला ठाऊक नाय, धुतील पण कोणीतरी. पण माझ्या पोराला आता लिंपता येतं. देव त्याचे हात सुखी ठेवो.