नावाड्याची चाल

—फाइल देतो म्हटलं ना, देतो. फाइल काही पळून जात नाही, कपाटात आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. तू आधी बस. तिथं नको, तिथं सुजाता बसते. इकडं बस, ही आमच्या मृण्मयीची जागा, तिची मैत्रीण म्हणून आलीस तर तुझीच समज. दिलसुखनगरहून कशी आलीस, बसनं? रविवारी बसला गर्दी नसते, बरं असतं. चपला आत घे, इथं बाहेरून चोरीला जातात. सुजाता, अगं मानसी आलीय, चहा टाक! साखर कमी ना गं तुला? तुम्हा पोरींना सगळ्यांनाच साखर कमी लागते. सुजाता, एक चहा साखर कमी!

हे टेबलावर मांडलेलं बघून असं तोंड करू नकोस. लहान मुलांचा खेळ नाही हा, सापशिडी नाही, व्यापार नाही. जर्मनीत बनलेला आहे. आमच्या ऑफिसातले लोक ऑनसाइटहून येताना चॉकलेटं आणतात, परफ्यूम आणतात, मी खेळ आणतो. एकदा बॅगेचं वजन जास्त भरलं तर एअरपोर्टवर दोन जीन्स काढून टाकल्या, खेळ नाही काढला. सुजाता अजून बोलते त्यावरून — म्हणजे बोलायची. हा पुठ्ठा हातात घेऊन बघ, जाड आहे की नाही? आणि सोंगट्या लाकडाच्या. पत्त्यांना ही पारदर्शक पाकिटं मी कोठीच्या बाजारातली दुकानं पालथी घालून आणली, एकेका पत्त्याला घातली, नाहीतर आपल्याकडचा घाम, वर्षात चिकट होऊन जातात. नियमांचं पुस्तक वाचलं ऑफिसच्या बसमध्ये. तारनाक्याहून माधापूर म्हणजे आडवं अख्खं हैदराबाद — बाकीचे तोंडं उघडी टाकून झोपलेले आणि मी मनातल्या मनात खेळत असायचो. उतरायचं विसरायचो. खोटं नाही सांगत, इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढा आनंद कशानं झाला नाही. प्रमोशननंसुद्धा नाही.

पण वेळ? वेळ कुठंय? तू पण आमच्याच लायनीतली, तुला काय सांगायचं. अमेरिका जागी झाली की आपण जागं व्हायचं. शनिवार पण त्यांचाच. रविवारी दुपारी रिलीजचा कॉल. मग उरलं काय? अकरा ते एक. आणि खोक्यावर लिहिलंय तीन तास! त्या जर्मन माणसाला लिहायला काय जातंय, त्याला पाच वाजता घरी सोडतात. मग मी काय केलं — खेळ दोन तासांत बसवला. आपलं कामच ते, काम कुठं अडतंय ते शोधायचं आणि तेवढं काढून टाकायचं. बंद असला की मात्र चैन. गेल्या वर्षी वेगळ्या राज्यासाठी युनिव्हर्सिटीच्या पोरांनी सगळं अडवलं होतं ना, ऑफिस बंद, बस बंद, तेव्हा खिडक्या लावून घ्यायचो, बाहेर अश्रुधूर आणि आत आम्ही तिघं, दुपारभर. मृण्मयी सारखी उठून बाल्कनीत जायची, डोळे लाल करून यायची. मी म्हणायचो, अगं बाहेर काय ठेवलंय, टर्न तुझी इथं आहे.

— हो हो, मृण्मयीची फाइल. लक्षात आहे माझ्या. तिच्या त्या नव्या शाळेला मूळ सर्टिफिकेटं लागतात, झेरॉक्स चालत नाही, कळलं. एक डाव खेळू आणि मग घेऊन जा. घाई काय आहे? आदिलाबाद कुठं पळालं नाही.

बघ, सोपं आहे. हे गाव, ही नदी. प्रत्येक टर्नला पाणी एक घर वर चढतं. मी इंजिनिअर, ही लाल सोंगटी, मी बांध घालतो. पिवळी सुजाताची, ती वैद्य. आणि ही निळी तुझी — नावाडी. नदी ओलांडता येते ती फक्त नावाड्याला. सगळे नदीपलीकडच्या टेकडीवर पोचले की आपण जिंकलो, एक जरी पाण्यात राहिला तरी सगळे हरलो. हेच मला फार आवडतं यातलं. कुणी कुणाला हरवायचं नाही. घरातल्या घरात कशाला भांडणं? सगळे एका बाजूला. आता पुस्तकात असं आहे की आपले पत्ते आपण हातात धरायचे, दुसऱ्याला दाखवायचे नाहीत, बोलायचं ते अंदाजानं बोलायचं. म्हणजे एकेकजण दहा-दहा मिनिटं छताकडं बघत बसणार! आपल्याकडं एवढा वेळ आहे? म्हणून आपल्या घरचा नियम, पत्ते उताणे. टेबलावर. सगळ्यांचं सगळ्यांना दिसतं. मला दिसलं की मी हिशेब करतो, सांगतो, चाल होते, पुढं. आजवर हरलो नाही आम्ही, एकदाही नाही. हां, कर उताणे. ते पण. — विचार करतेस? कर ना, कर, मी कुठं नाही म्हणतोय. झाला? नाही, तिकडं नको, तिकडं गेलीस तर दोन टर्नमध्ये पाण्यात जाशील. ते निळं पान टाक आणि नाव इथं — राहू दे, मीच सरकवतो. कळलं? तुला पण येईल. मृण्मयीलाही आधी वेळ लागला.

सुजाताचं बघशील तू. मी नुसतं बोट ठेवतो, ती सोंगटी हलवते. बोलावंसुद्धा लागत नाही. एवढी समजूत दोघांत असायला वर्षं जावी लागतात. लग्नाआधी ती कॅरम खेळायची, हां! सिकंदराबादच्या रेल्वे कॉलनीतली, वडील रेल्वेत, तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे त्यांच्या क्लबात, पुरुषांना हरवायची म्हणे. कप आहे कुठंतरी माळ्यावर. मी एकदा खेळलो तिच्याशी, लग्नानंतर लगेच. पाच मिनिटांत मला — जाऊ दे. मग कॅरमबोर्ड दिला कुणालातरी, फ्लॅटमध्ये जागा कुठं असते.

सुजाता! चहा!

तर, तू म्हणशील काका टाळतायत. टाळत नाही मी. तुला एकच बाजू माहीत आहे, तिनं घर सोडून तुझ्या हॉस्टेलवर येऊन सांगितली ती. माझी ऐक. मागचा रविवार. असेच बसलो होतो, हीच खुर्ची, हीच निळी सोंगटी. डाव शेवटाला आलेला, बारा वाजून गेलेले, पाणी इथपर्यंत. मी आणि सुजाता अलीकडे अडकलो होतो, नाव आमच्याकडे होती, म्हणजे नावाड्यानं आम्हाला घेऊन पलीकडे जायचं की संपलं, जिंकलो. मी म्हटलं, मृण्मयी, नाव भर. तर ती म्हणते, "बाबा, मी शुक्रवारी राजीनामा दिलाय." असं. खेळाच्या मधे. मी म्हटलं, आधी चाल कर, मग बोलू, वेळ चाललाय. ही काय बोलायची वेळ आहे? तर म्हणते, मग कधी? तुमच्याकडे अकरा ते एक आहे, आणि अकरा ते एक खेळ आहे. म्हणाली, आदिलाबादकडे गोंडांच्या मुलांची शाळा आहे, रजा घेऊन जाऊन आले मी, तिथली पोरं मला विचारतात, मॅडम, हे असंच का? बाबा, तुम्ही मला काही विचारलंत का कधी? मी म्हटलं, चाल कर.

केली तिनं. नाव उचलली आणि एकटीच पलीकडे गेली.

आम्हाला दोघांना अलीकडे ठेवून! नियमात बसतं ते, मी नाही म्हणत नाही, नावाडी एकटा जाऊ शकतो, पण जातो का कुणी? काय अर्थ आहे त्याला? सगळे हरले ना! ती पण हरली. आणि हसली. इतकी हसली गं — मी दोन वर्षांत तिला या टेबलावर हसताना पाहिलं नव्हतं. आणि सुजाता, ती पण — नाही, ती हसली नाही. बहुतेक नाही. तिनं पदर तोंडाला लावला होता.

मी काय केलं? ओरडलो नाही. हात उगारला नाही, आजवर कधी उगारला नाही, विचार तिला. मी फक्त चाल मागं घेतली. नाव अलीकडे आणली, आम्हाला दोघांना बसवलं, पलीकडे नेलं. तिच्या वतीनं. जिंकलो. यात कुणाचं काय वाईट झालं? पोर चुकली तर बापानं चाल मागं घ्यायची नाही? आणि मग दुपारी कॉलच्या आधी विजयला फोन लावला. विजय, तुमचा मॅनेजर — माझ्या हाताखाली शिकलाय तो, सर सर करतो अजून. म्हटलं, पोरीनं काहीतरी पाठवलंय भावनेच्या भरात, ते धरू नकोस, पंधरा दिवसांची रजा समज. म्हणाला, हौ सर, लाइट लो, म्हणजे काळजीच करू नका. झालं. पाच मिनिटांत मिटलं. सांगणारच होतो तिला. रात्री सांगणार होतो, तर कॉल लांबला. सकाळी सांगणार, तर बस आली.

मग सोमवारी ती ओळखपत्र परत करायला गेली आणि विजयनं — तू होतीस तिथं? होतीस. मग तुला माहीतच आहे. "पप्पा बोले छुट्टी पे हो तुम," असं म्हणाला ना? सगळ्यांसमोर? हसले का गं लोक? — हसले. हं. तसं नव्हतं व्हायला पाहिजे. विजयला अक्कल नाही, आत बोलवून सांगायचं.

मला तिचं वाईट करायचं होतं का? तूच सांग. तू हुशार आहेस, नोकरी सोडून गेली नाहीस कुठं. तिकडं शाळेत पगार काय, माझ्या महिन्याच्या पेट्रोलएवढा. मी इथं आलो तेव्हा माधापूरला दगड होते नुसते, दगड आणि झुडपं. त्या दगडांतून हे घर उभं केलं, हे टेबल. ती म्हणते, तुम्ही माझा विचार केलात, मला करू दिला नाहीत. शब्दच्छल आहे नुसता. विचार झाला ना? मग कुणी केला याला काय महत्त्व? पाणी चढत असतं, मानसी. प्रत्येकानं आपापला विचार करायला बसायला वेळ कुणाकडं आहे?

आठवडाभर पट आवरला नाही मी. येतो ऑफिसातून, बूट काढतो, इथं बसतो. तिघांच्या चाली मीच करतो. लाल, पिवळी, निळी. काही फरक पडत नाही तसा, तिघं असताना पण — म्हणजे जिंकतोच मी, सगळे टेकडीवर पोचतात. पण मजा नाही येत गं. पत्ते तेच, चाली त्याच. काल तर मधेच थांबलो आणि म्हटलं, का बरं येत नाही? डोकं चालवून पाहिलं. नाही कळलं. म्हणून म्हटलं, तू आलीच आहेस, तर एक डाव — बोट का ठेवलंस त्या सोंगटीवर? मी अजून सांगितलं नाही. बरं, ठेव. ठेव बोट. फक्त हलवू नकोस.

तिला सांग, रविवारी ये. नुसती ये, खेळून जा, मी नोकरीचं काढणार नाही. नावाडी तिचाच. फाइल पण तेव्हाच घेऊन जा म्हणावं, स्वतः. तुला कशाला मधे घालायचं. हेच बरोबर आहे. तू आज चहा घे आणि — सुजाता, किती वेळ! साधा चहा...

हे काय?

ही फाइल तुझ्या हातात कशी आली? दे इकडं. सुजाता, दे. किल्ली माझ्या खिशात आहे — ही बघ, ही काय. — दुसरी? दुसरी हरवली होती ना? लग्नात तुझ्या वडिलांनी कपाट दिलं तेव्हा दोन होत्या, एक हरवली असं तूच म्हणाली होतीस, मला चांगलं आठवतंय, त्या वर्षीच म्हणाली होतीस. एवढी वर्षं तू — अगं, तिला काय देतेस? मानसी, घेऊ नकोस. मी म्हटलं ना रविवारी. सुजाता, थांब, आता टर्न तुझी नाही. थांब, हे बरोबर नाही, तुला कळत नाही पुढं काय होणार ते!

घेतलीस. बरं.

जा मग. बघतेस काय, उठ, मिळालं ना हवं ते? चहा नाही मिळणार आज, गॅसच पेटवलेला नाही हिनं, मी मघापासून वेड्यासारखा ओरडतोय. जा. जाताना दार ओढून घे, नीट लागत नाही ते, जोरात ओढ.

— गेली.

तू बस. बस गं, उभी का? अजून एक वाजायचाय. डाव अर्धा आहे. मी काही बोलणार नाही त्यावर, फाइलवर, किल्लीवर, काहीच नाही. बस. हां. टर्न तुझी. तुझ्याकडे ते पिवळं पान आहे, ते टाकलंस तर आपण दोघं... नाही. मी सांगत नाही. बघ, गप्प बसलो. तू खेळ, तुला हवं ते खेळ.

अगं, पत्ते उचललेस कशाला? टेबलावर ठेव. उताणे. सुजाता, अशी धरलीस तर मला दिसत नाहीत.

सुजाता, मला दिसत नाहीयेत.