सहा माणसे, चारशे आठ किलो

मधुकर : अडुसष्ट.

गंधाली : अडुसष्ट काय, काका?

मधुकर : किलो. तुम्ही विचारलंत ना, किती टार्गेट धरून चाललाय. अडुसष्ट. लिहून घ्या. दशांश नको.

गंधाली : आत्ता काट्यावर किती भरलात?

मधुकर : एकशे दहा. वर चारशे ग्रॅम आहेत, पण ते खिशातल्या चाव्यांचे असावेत असा माझा कयास आहे.

सुलक्षणा : तीन आठवडे हेच चाललंय, मॅडम. उठल्यावर एकशे दहा, आंघोळ करून एकशे दहा, कोर्टातून आले की परत एकशे दहा. परवा केस कापून आले नि सरळ काट्यावर उभे! न्हाव्याकडून आलेला माणूस आधी मोरीत जातो की नाही?

मधुकर : केसांचं वजन वेगळं काढायचं होतं.

सुलक्षणा : निघालं?

मधुकर : नाही. एकशे दहाच.

गंधाली : काका, वजन उतरवायच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. एकशे अडतीसवरून एकशे दहा. अठ्ठावीस किलो उतरलंय, हे मस्त आहे. मध्ये असा काटा अडतो. सगळ्यांचा अडतो. शरीर जरा दम खातं.

मधुकर : शरीर दम खातं. मी काहीच खात नाही. तरी हलत नाही.

गंधाली : काहीच म्हणजे?

सुलक्षणा : सांगा आता. का मी सांगू?

मधुकर : माझा जबाब मी देतो. सकाळची ती प्रोटीनची पावडर बंद केली. दुपारी चार चमचे वरण. रात्री नाही.

गंधाली : रात्री काय नाही?

मधुकर : रात्र असते. जेवण नसतं.

गंधाली : कोणी सांगितलं असं करायला? तुमची आहारतज्ज्ञ मी, तक्ता दिला होता ना? दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन, पाच वेळा थोडं थोडं. काकी, चक्कर वगैरे येते का यांना?

सुलक्षणा : चक्कर? मंगळवारी दिंडोशीला कोर्टात पुकारा चालू असताना आडवे झाले. एकतीस वर्षं नोकरी, आता शिरस्तेदार आहेत, आजवर हातातून कागद पडला नाही. मंगळवारी फाइलसकट खाली आले.

मधुकर : फाइल सुरक्षित आहे.

सुलक्षणा : आणि उशी बघा यांची! रोज सकाळी मांजर झोपून गेल्यासारखी दिसते. होते नव्हते ते केस गळले.

गंधाली : ऑपरेशननंतर थोडे गळतात, ते परत येतात. पण काका, प्रोटीन बंद केलंत तर नाही यायचे. आणि असंच उपाशी राहिलात ना, तर हातापायातली ताकद जाईल नि चरबी आरामात बसून राहील. आकडाही कमी होईल आणि माणूसही कमी होईल. मला आधी सांगा, हे अडुसष्ट आणलं कुठून? सर्जन बोलले?

मधुकर : ते आकडा सांगत नाहीत. 'बघू या' म्हणतात. आमच्या कोर्टात 'बघू या' म्हणजे पुढची तारीख.

गंधाली : मग मोबाइलवर वाचलंत?

मधुकर : त्यावर माझा विश्वास नाही. तिथे माझ्यापेक्षा जाड लोक बारीक व्हायला शिकवतात.

गंधाली : लग्नाच्या वेळचं वजन?

सुलक्षणा : लग्नात ब्याण्णव होते! मला मुलगा दाखवला तो बसवूनच दाखवला. उभे राहिले ते थेट अंतरपाटामागे.

गंधाली : म्हणजे मोठे झाल्यावर अडुसष्ट तुम्ही कधी होतात तरी?

मधुकर : नववीत असेन. तेसुद्धा वर चढत असताना, एखाद्या आठवड्यापुरता.

गंधाली : मग?

मधुकर : मग काही नाही. अधिकृत आकडा आहे तो. आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, 'सहा माणसे, चारशे आठ किलो.' भागून बघा.

गंधाली : चारशे आठ भागिले सहा... अडुसष्ट.

मधुकर : बाकी शून्य. एक माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. त्याच्यावर जे काही आहे ते दुसऱ्याच्या जागेवर केलेलं अतिक्रमण.

सुलक्षणा : गे बाये! लिफ्टची पाटी वाचून उपाशी राहताय तुम्ही? मला वाटलं कुठल्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं म्हणून मी गप्प बसले! चार चमचे वरण मोजून वाढत होते मी!

गंधाली : काका, ती पाटी यंत्रासाठी असते हो. लिफ्ट बनवणाऱ्यांना काहीतरी सरासरी धरावी लागते.

मधुकर : यंत्राचं काही नाही. यंत्र नुसतं वाजतं. बघतात ती माणसं.

गंधाली : कोण बघतं?

मधुकर : आता विषय निघालाच आहे तर सांगतो. गेल्या दिवाळीत आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरचा देवव्रत, त्याची बायको आणि पाण्याचे दोन जार, वीस-वीस लिटरचे. लिफ्ट गप्प होती. शेवटी त्यांची प्रांजल आली, सात वर्षांची, हातात आकाशकंदील. आणि बझर वाजला.

गंधाली : मग?

मधुकर : प्रांजलकडे कोणी बघितलं नाही. जारकडे तर नाहीच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. देवव्रत बिचारा सभ्य माणूस, त्याने छताकडे बघितलं, पण माझ्याकडे बघून झाल्यावर. मी उतरलो. प्रांजल म्हणाली, 'थँक्यू अंकल.' त्याच आठवड्यात मी ऑपरेशनची चौकशी केली.

सुलक्षणा : मला तर म्हणालात शुगरसाठी करतोय.

मधुकर : शुगर होतीच. तिची काही घाई नव्हती.

गंधाली : एका बझरसाठी एवढं मनाला लावून घ्यायचं?

मधुकर : देवव्रतचं काही नाही हो. तो उद्या जागा विकून विरारला जाईल. मुद्दा सईचा आहे.

सुलक्षणा : सईचं काय आता मध्येच?

मधुकर : सई आमची मुलगी, मॅडम. तेवीस वर्षांची. नववीत होती तेव्हापासून ती माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाही. खाली येऊन उभे राहिलो की म्हणते, 'बाबा, तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येते.' आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. आता नोकरीला लागली, दमून येते, तरी जिना.

सुलक्षणा : व्यायाम करते ती.

मधुकर : असं मीही धरून चाललो होतो. मग एकदा मॉलमध्ये दिसली. मैत्रिणींबरोबर होती, मी लांब होतो. सगळ्या लिफ्टमध्ये शिरल्या, ही सगळ्यांत पुढे. एका मजल्यासाठी. सरकता जिना शेजारी चालू होता.

गंधाली : काका...

मधुकर : नाही, माझी तक्रार नाही. लाज वाटत असेल तिला. नववीतल्या पोरीला वाटणारच. वर्गातलं कोणी बघितलं, हसलं, काय सांगावं. मार्चमध्ये ती चोवीस पूर्ण करेल. माझं एवढंच आहे की त्या दिवशी खाली उभं राहून म्हणायचं, 'चल गं सई, आता बाबा नियमात बसतो.' त्यासाठी अडुसष्ट. मार्चला सहा महिने आहेत, बेचाळीस किलो. महिन्याला सात.

सुलक्षणा : मॅडम, पाणी द्या ना जरा.

गंधाली : काकांना? चक्कर येतेय?

सुलक्षणा : त्यांना नको. मला द्या.

मधुकर : काय झालं गं?

सुलक्षणा : पोरीने शपथ घातली होती मला. चौदा वर्षांच्या पोरीने. नऊ वर्षं पाळली मी. आता तुम्ही असे फाइलसकट पडायला लागल्यावर कसली पाळू?

मधुकर : कसली शपथ?

सुलक्षणा : ती नववीत होती तेव्हा गणपतीचं सामान घेऊन आलो होतो आपण. आठवतंय? लिफ्ट भरली, ती मेली कोकलायला लागली. तुम्ही हातातल्या पिशव्या सावरत वळायला बघत होतात, नि मागून कोणतरी हसला. सई पटकन उतरली, 'मी येते जिन्याने' म्हणून. घरी आल्यावर स्वयंपाकघरात आली माझ्याकडे. म्हणाली, 'आई, लिफ्ट वाजली की सगळे बाबांकडेच बघतात. मी चढलेच नाही तर वाजायची नाही ना?'

मधुकर : हे सई म्हणाली?

सुलक्षणा : म्हणाली, 'बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.' लाज कसली घेऊन बसलात! परीक्षेच्या दिवसांत ताप होता तिला, तरी सहा मजले चढून आली. मी ओरडले तर म्हणाली, 'बाबा होते गं आई खाली, नि पाण्याचे जारवालेही आले होते.'

मधुकर : तेव्हा तिचं वजन किती असेल?

सुलक्षणा : काय माहीत. चाळीस?

मधुकर : म्हणजे नऊ वर्षं ती माझं वजन कमी करतेय.

गंधाली : काका, पाणी घ्या तुम्हीपण. घोट घोट. आणि हा कागद घ्या, पेन घ्या. तुम्ही चारशे आठला सहाने भागलंत ना? आता बेरीज करा. तुम्ही एकशे दहा.

मधुकर : चाव्यांसकट.

गंधाली : चाव्यांसकट. सईचं आता किती?

सुलक्षणा : बावन्न. पावसाळ्यात रक्तदान केलं तेव्हा मोजलं होतं.

गंधाली : बावन्न. काकी, तुमचं?

सुलक्षणा : माझं कशाला? ऑपरेशन यांचं झालंय.

गंधाली : लिफ्टमध्ये तुम्ही पण असणार ना?

सुलक्षणा : अडुसष्ट लिहा.

गंधाली : काटा इथेच आहे, काकी.

सुलक्षणा : एकाहत्तर. चपला घालून.

मधुकर : दोनशे तेहतीस.

गंधाली : चारशे आठला किती उरले?

मधुकर : एकशे पंचाहत्तर. म्हणजे आणखी अडीच सरकारी माणसं.

गंधाली : आता तुमचं जुनं वजन घालून करा. एकशे अडतीस.

मधुकर : एकशे अडतीस, एकाहत्तर, बावन्न. दोनशे एकसष्ट. उरले एकशे सत्तेचाळीस.

सुलक्षणा : म्हणजे?

मधुकर : म्हणजे आपण तिघं मावत होतो. पहिल्यापासून. बाकीची गर्दी नि जार नसते तर कधीच वाजली नसती. एकतीस वर्षं लोकांचे कागद तपासतोय मी, आणि ही बेरीज कोणी केली नाही. मी नाही, तिने नाही. तिचं तर गणित चांगलं होतं.

गंधाली : आता माझं ऐकाल? एकशे अडतीसवरून निघालेला माणूस दीडेक वर्षात साधारण नव्वद ते शंभरच्या मध्ये येऊन थांबतो. मी पंच्याण्णव लिहिते. चार-पाच किलो इकडेतिकडे होईल.

मधुकर : पंच्याण्णव आणि अडुसष्ट. दोन्ही पक्षांच्या संमतीने ऐंशी करू.

सुलक्षणा : पापलेट घेताय काय, घासाघीस करायला?

गंधाली : पंच्याण्णव, काका.

मधुकर : म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य मी सत्तावीस किलो बेकायदा राहणार.

गंधाली : शुगरच्या गोळ्या किती होत्या? आता किती?

मधुकर : तीन होत्या. एक आहे.

गंधाली : रात्री नाकाला लावायचं मशीन?

सुलक्षणा : ते माळ्यावर टाकलं! मॅडम, घोरणं बंद झालं त्या दिवशी मी घाबरून उठले. नाकापाशी हात धरला यांच्या, श्वास आहे ना बघायला. एवढी शांतता आमच्या घरात कधी झालीच नव्हती.

गंधाली : मग हे नको का मोजायला? काटा आठवड्यातून एकदाच, रविवारी. पावडर उद्यापासून सुरू. आणि किलो सोडून एक टार्गेट द्या मला, तुम्हाला झेपेल असं. बुटाची नाडी स्वतः बांधणं, तसलं काहीतरी.

मधुकर : जिना किती चढू शकतो मी?

गंधाली : आज? नीट खाल्लंत तर महिन्याभराने दोन मजले. सावकाश, कठडा धरून.

मधुकर : मग लिहा. महिन्याभराने दोन मजले जिन्याने, सईबरोबर. तिला सोबत म्हणून. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट बोलवायची, तिथून तिने माझ्याबरोबर यायचं. आणि पुढच्या महिन्यापर्यंत...

सुलक्षणा : पुढच्या महिन्यापर्यंत काय?

मधुकर : थांब. वाजले किती? पावणेसात. ती आत्ता रिक्षात असेल. फोन दे इकडे.

(मोबाइल कानाला लावून)

सई? हां, मी बोलतोय. कुठे पोचलीस?... चारकोप नाक्याला? बरं. बिल्डिंगखाली थांब, आम्ही निघालोच आहोत... नाही गं, काही झालं नाही, रिपोर्ट चांगले आहेत. नुसती थांब. तिघं एकदमच वर जाऊ... लिफ्टनेच... नाही वाजणार, बाळा. मी बेरीज केलीय.