उठा काकू, गोल हवाय!

नकोय हो मला चहा! पोटात आता चहाला जागा नाही, हा बघा पेला, गार होऊन वर साय धरलीय, तरी मी तो धरून उभी आहे, का? तर आत मॅच चालू आहे आणि मला आत जायची बंदी आहे! हसताय काय? तुम्ही रांगेत आहात, तुमचा नंबर लागेल, तुम्ही आपला पेला घेऊन आत जाल, खुर्चीत टेकाल, फुटबॉल बघाल. मी नाही. माझी मॅच इथे, ह्या भिंतीकडे तोंड करून. आणि तो दारातला पिवळ्या जाकिटातला... दिसायला किती गरीब, पण असा आडवा उभा राहिलाय जसं काही मी आत जाऊन गोलपोस्टच उपटणार आहे! ‘आजी, गोल झाल्याशिवाय तुम्हाला आत सोडायचं नाही, असं सांगितलंय मला.’ अरे पण सांगितलंय कोणी? तर माझ्या नवऱ्याने! सख्ख्या!

आणि हे सगळं मागितलं कोणी? आम्हीच!

थांबा, रांग काही हलत नाही, ऐका. आमचा क्लब म्हणजे खालच्या डिव्हिजनचा. खालच्या म्हणजे किती खालच्या? तिच्या खाली फक्त गवत! गोलपोस्टच्या मागे आमचा लाकडी बाक होता, एक लांबच लांब फळी. ह्या टोकाला आमचे हे, मग मी, मग वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आणि त्या टोकाला न्हावी. फळी अशी की न्हावी तावातावाने उठला की आम्ही नवराबायको धाडकन खाली! वर्षानुवर्षं असे खाली-वर, खाली-वर... कुणाची कंबर धरली नाही, कुणाची तक्रार नाही.

आमचे हे बसचे ड्रायव्हर. रिटायर होऊन जमाना झाला, पण उजवा पाय अजून नोकरीत आहे. समोरचे बॉल घेऊन आमच्या गोलकडे आले रे आले की ह्यांचा पाय कचकन ब्रेकवर! पुढच्या बाकावरच्यांच्या पाठीत किती लाथा बसल्या असतील, विचारू नका. वन्सं नर्स होत्या. आपला खेळाडू पडला की ह्या इथून ओरडणार, ‘पाय वर करा त्याचा! बर्फ लावा!’ आणि समोरचा पडला की? ‘काही झालेलं नाही, सोंगं आहेत.’ तपासायच्या आधीच निदान! आणि न्हावी. न्हाव्याला ऑफसाईड अजून कळलेलं नाही, पण केस कळतात. ‘काकू, ज्याचा भांग एवढा सरळ, त्याचा पास सरळ जायचा नाही, लिहून ठेवा.’ मी कुठलं लिहितेय? मी चौथीपर्यंत शिकलेली. पण आमच्या क्लबचे गोल मोजायला तेवढं शिक्षण रग्गड होतं हो!

आणि मी काय करायची? मी आपली शांतपणे... नाही, खोटं कशाला बोलू. पिशवीत एक शिट्टी असायची माझ्या. समोरच्यांचा एखादा अगदी एकटा सुटला गोलकडे की मी पदराआड तोंड... फुर्रर्र! की तो थांबायचाच! रेफ्री इकडे बघ, तिकडे बघ, आणि मी आपली वन्संकडे रागाने बघायची. बॉल गोलपोस्टवरून मागे आला आणि आपण पुढे असलो, तर मी बॉलवर शाल टाकून वर बसायची, कोंबडी बसते तशी. शोधा म्हणावं! एकदा तो लाईनवाला झेंडा घेऊन आला, म्हणतो, ‘बाई, बॉल बघितलात का?’ म्हटलं, ‘मला मेलीला कसला दिसतोय, मला तर समोरचा डोंगरही दिसत नाही.’ डोंगर कुठाय म्हणून तोच बघत बसला!

असं सोन्यासारखं चाललेलं होतं. आणि तरी दर मॅचला काय म्हणायचो? ‘एकदा तरी वर जाऊ दे रे आपला क्लब... एकदा तरी वरच्या डिव्हिजनमध्ये!’ सांगा आता, मागितलं कोणी? आम्हीच!

गेलो कसे, ते ऐका. आमच्या बाकामागे पत्र्याचं कुंपण होतं, त्या पत्र्याच्या मागे एक चहावाली बसायची, माझी मैत्रीण. एकदा आम्ही हरत होतो, मला आला कंटाळा, मी उठले, चहाला गेले. पेला तोंडाला लावते तोच मागून आवाज... गोऽऽल! आमचा! पुढच्या मॅचला पुन्हा तेच. मी उठले, गोल. न्हाव्याने ते पकडलं हो! हा माणूस गिऱ्हाइकाचा कान सोडत नाही, ही गोष्ट कशी सोडेल? झालं, तेव्हापासून जरा बॉल अडला की सगळा स्टँड ओरडणार, ‘उठा काकू, गोल हवाय!’ आणि मी उठायची. मानाने! माझ्यासाठी वाट करायचे लोक. टाळ्या वाजवायचे! मला वाटायचं, वा, काय ही किंमत आपली...

किंमत कसली? त्या अख्ख्या वर्षात आमच्या क्लबने जेवढे गोल केले, त्यातला एक, एक गोल मी डोळ्यांनी बघितलेला नाही! सगळे पत्र्यामागून ऐकलेत. ज्या गोलने आम्ही वर गेलो, तो झाला तेव्हा मी चहावालीचं उतू जाणारं दूध फुंकत होते. धावत आले तर काय? न्हाव्याने वन्संना उचलून घेतलंय, आमचे हे रडतायत, आणि मी विचारतेय, ‘अहो, कोणी मारला? कसा मारला?’ तर हे म्हणतात, ‘ते जाऊ दे, तू कशाला आलीस इतक्यात?’

आणि मग काय, वरची डिव्हिजन! फळी गेली. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, जमिनीला बोल्टने घट्ट, नंबर घातलेल्या. आमची रांग भरली ती भिंतीच्या बाजूने. भिंतीला न्हावी, मग वन्सं, मग मी, मग आमचे हे, आणि ह्यांच्या पुढे जिन्यापर्यंत परकी माणसं, गुडघे ह्या एवढाले! एकदा बसलं की बसलं. उठायचं तर सगळ्या गुडघ्यांची परवानगी काढा. जरा अर्धी उठले तर हाच तो जाकीटवाला, तेव्हा नवा होता, खालून हात करून, ‘मॅडम, खेळ चालू असताना उभं राहायचं नाही.’ मॅडम! आयुष्यात पहिल्यांदा मॅडम झाले, ती पण खाली बसवायला! शिट्टी दारातच काढून घेतली. बॉल मागे गेला की नवा बॉल तयार, त्यामुळे अंड्यावर बसायचीही सोय गेली. मोठ्ठा पडदा लावलाय, त्यावर एकदा मला जांभई देताना दाखवलं, हा एवढा जबडा, अख्ख्या मैदानाने माझी दाढ बघितली! आणि शेजारची ती नवी मंडळी, गळ्यात करकरीत मफलर, मला विचारतात, ‘आजी, फुटबॉल कळतं का तुम्हाला?’

आणि मार काय खाल्ला हो आम्ही! दर मॅचला मार! चौथीचं गणित पुरेना. ह्यांचा पाय ब्रेकवर दाबून दाबून सुजला. वन्सं म्हणाल्या, ‘बर्फ लाव.’ पहिल्यांदा बरोबर निदान केलं! आणि सगळे माझ्याकडे बघणार, ‘काकू, उठा ना!’ अरे उठू कशी? मी अडकलेय! एकीकडे भिंत, एकीकडे गुडघे, समोर आमच्यावर होणारे गोल, डोळे मिटायची चोरी, कारण पडद्यावर दाखवतील... आणि मागितलं कोणी? बोला, तुम्हीच बोला.

मग आली शेवटची मॅच. हरलो तर पुन्हा खालच्या डिव्हिजनमध्ये, नुसती बरोबरी झाली तरी राहिलो वरच. सगळीकडे नुसता आरडाओरडा. न्हावी दुकानासमोर उभा राहून गर्जतोय, ‘आज राहायचं म्हणजे राहायचंच!’ आणि मी जवळून जातेय तर वस्तरा पुसत पुसत हळूच कानाशी, ‘काकू... आज तुमचे गुडघे दुखतायत असं समजा. उठू नका. फळी परत येईल हो आपली.’ बरं! घरी येते तर वन्सं. ‘हे बघ, मी काही म्हणत नाहीये. पण तुझं वय झालं. सारखी उठबस चांगली नाही. आज बसूनच राहा, नर्स म्हणून सांगते.’ बरं! आणि आमचे हे? हे तर मफलर घालून, गालाला रंग लावून तयार. बुटाची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणतात, ‘चहा घरूनच पिऊन निघ आज.’

म्हणजे बघा! तोंडाने जय, पोटात पराजय! आणि मला नावं ठेवायचं तोंड नाही, कारण मलाही तेच हवं होतं. फळी हवी होती. चहावाली हवी होती, ती बिचारी आता कुठल्या तरी ऑफिसाखाली बसते, तिथे कोणी ओरडतसुद्धा नाही. म्हटलं, ठरलं. आज गोंद लावल्यासारखी बसते.

बसले. समोरच्यांनी एक गोल मारला. मी बसलेली. न्हावी खोटं खोटं डोकं धरतोय, वन्सं उसासे टाकतायत, सगळं कसं आमच्या मनासारखं चाललंय. आणि तेवढ्यात टकल्या पडला.

टकल्या म्हणजे आमचा बॅक. जुन्या टीममधला हा एकच उरलेला. डोक्यावर एक केस नाही, म्हणून न्हाव्याला त्याची जात कधी कळली नाही, खेळाडूची हो, खेळाडूची! दोघांच्या मध्ये उडी मारली, डोकं फुटलं. वन्सं ‘बर्फ लावा’ म्हणाल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. डॉक्टर लोक पट्टी बांधून त्याला बाहेर न्यायला लागले तर त्याने त्यांना बाजूला सारलं, तसाच आत आला, लंगडत, आणि आमच्या बाजूला बघून दोन्ही हात वर केले. अशी टाळी वाजवली, ‘चला, ओरडा ना...’ त्याला काय माहीत, इथे आम्ही काय ठरवून बसलोय?

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. खाली बघत होते, ह्यांच्या पायाकडे. तो पाय ब्रेकवर होता. आणि तुम्हाला सांगते... तो पाय हळूच उचलला, बाजूला सरकला, आणि ॲक्सिलरेटरवर गेला.

  ह्यांनी दोन्ही गुडघे पोटाशी घेतले, मला वाट करून. मागून वन्संचं बोट बरगडीत, ‘बसलीयेस काय ढिम्म? ऊठ!’ आणि भिंतीकडून न्हावी, रडवेला, ‘काकू... चहा!’ मी उठले. जाकीटवाला ‘मॅडम, मॅडम’ करत आला, तर ती करकरीत मफलरवाली माणसं, ज्यांना काडीचं माहीत नाही, त्यांनी ह्यांचं बघून पटापटा गुडघे आत घेतले! पळाले हो मी, ह्या वयात! दाराच्या बाहेर पाऊल पडतंय न पडतंय तोच मागे... काय तो आवाज! भिंत हलली! मी इथेच उभी होते, ह्याच जागी, अन् एकटीच टाळ्या पिटत होते, भिंतीसमोर, वेड्यासारखी.

टकल्याने मारला म्हणे. पट्टी बांधलेल्या डोक्याने. म्हणे! मी कुठे बघितला?

बाहेर पडल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडून घेतलं, आणि घराकडे निघालो. कोपऱ्यावर न्हावी म्हणाला, ‘म्हणजे... पुन्हा त्याच खुर्च्या.’ वन्सं म्हणाल्या, ‘पुन्हा तोच मार.’ मी म्हटलं, मागितलं कोणी?

आणि ह्या वर्षी ह्यांनी काय केलंय माहितीये? माझ्यासाठी मुद्दाम जिन्याच्या कडेची खुर्ची घेतलीय! मी हरखले, म्हटलं म्हातारा बायकोची काळजी करतो. कसली काळजी? पटकन हाकलता यावं म्हणून! आणि ह्या जाकीटवाल्यालाही पढवून ठेवलंय. आता मॅच सुरू होऊन मी धड टेकतेय तोच... उठा काकू! गेल्या वर्षी बाहेर पडता येत नव्हतं, ह्या वर्षी आत जाता येत नाही.

थांबा! थांबा... ऐकलंत? झाला! झाला हो! आपलाच, आपलाच! अहो, ह्या भिंतीतून मी आमचा आवाज झोपेतही ओळखेन. सरका, सरका जरा, जाऊ द्या मला... ए बाबा, झाला ना गोल? मग सोड आता आत, कबूल केलंयस तू!

काय म्हणतोस? आतून एक बोट दाखवतायत? कोण, आमचे हे?

...अजून एक हवाय?

द्या हो. द्या आणखी एक चहा. साखर कमी घाला, मला इथे बराच वेळ काढायचाय.