लिंबावर चढवलेली दुमजली बस

हे बघा, माझ्या संग्रहातल्या छोट्या विलायती बसगाड्यांना कोणी खेळणी म्हटलेलं मी कधीच खपवून घेतलं नाही. साठ सालच्या सुमाराला मी मुळशी धरणावर नोकरीला होतो. लंडनची जुनी लाल दुमजली बस माझी सगळ्यात लाडकी. वीतभरसुद्धा नाही, पण जिना, बाकं, सगळं हुबेहूब.

दसऱ्याला आमच्या मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर धोंडीबा सोनं द्यायला आले. कपाटातल्या त्या बसकडे बघून म्हणाले, "हिची पूजा न्हाई केली?"

"अहो, एवढीशी तर आहे."

"मंग खेळनं म्हना की."

"खेळणं नाही! गाडी आहे. इंग्रजी बांधणीची, मोडायची नाही."

"गाडी हाय तर लिंबू नको व्हय?"

आता नाही कसं म्हणणार? धोंडीबांनी बस खाली जमिनीवर ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, खिशातलं लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवलं आणि बस ढकलली. चढेना.

"चढतीया, चढतीया," म्हणत त्यांनी वरून अंगठा दाबला. कटकन आस तुटला आणि चाकं कपाटाखाली पळाली.

मी ओणवा होऊन कपाटाखाली चाकं शोधू लागलो. धोंडीबांनी लिंबू उचलून उजेडात फिरवून फिरवून पाहिलं.

"पिरंगुटच्या घाटात न्हाई टिकायची ही, सायेब. लिंबाला खरचटलंबी न्हाई."