टायर फुटला तेव्हा

विल्सनचं तुम्हाला सांगितलंच नाही वाटतं. हा आमच्या ऑफिसमधला, मूळ वसईचा. आम्ही राहतो त्या अल नहदाहून दुबईला ऑफिसात मी रोज त्याच्याच गाडीतून जातो. त्याला अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगचं वेड. मीही कधीमधी बघतो, पण तासन् तास गोल चकरा मारणारे ते ड्रायव्हर मला काही फार थोर वाटत नाहीत. त्या दिवशी पहाटेच निघालो होतो, रस्ता मोकळा होता, आणि मी त्याला नेमकं हेच ऐकवत होतो.

एवढ्यात पुढचा टायर फुटला. स्पीड शंभरच्या वर, शेजारी ट्रेलर. मी ओरडलो, "ब्रेक मार!"

विल्सनने ब्रेकला पायही लावला नाही. दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट सरळ धरलं, गाडी आपोआप मंदावू दिली आणि हळूच कडेला घेतली.

गाडी थांबल्यावर मी म्हणालो, "मानलं बाबा तुला. हे त्या रेसवाल्यांकडूनच शिकलास ना?"

"हो ना," विल्सन म्हणाला. "माझा आवडता ड्रायव्हर टायर फुटला की दर वेळी ब्रेक मारतो, आणि दर वेळी भिंतीवर जाऊन आदळतो."